सागरी कासवांच्या पिल्लांचे संवर्धन आणि पर्यटकांची भूमिका : वेळासच्या संदर्भात

प्रस्तावना

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर अंडी घालण्यासाठी येणाऱ्या सागरी कासवांत ऑलिव्ह रिडले ही जाती प्रमुख आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत तिचा समावेश असल्याने तिला कायद्याचे सर्वोच्च संरक्षण आहे. तथापि केवळ कायद्याने कोकणातील घरटी वाचली, असे म्हणता येणार नाही. अंडी माणसे उकरून नेत. उरलेली कुत्री आणि कोल्हे फस्त करीत. रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातील वेळास हे नाना फडणवीसांचे मूळ गाव. तेथे २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने ग्रामस्थांच्या साहाय्याने घरट्यांचे रक्षण सुरू केले. पुढे कासव महोत्सव भरू लागला, पर्यटक गावातील घरांतच उतरू लागले आणि कासवाच्या जिवंत पिल्लाला गावाच्या अर्थकारणात स्थान मिळाले. ज्या पर्यटकामुळे हे घडले, त्याचीच अपेक्षा पिल्लांना बाधक ठरू शकते. ती कशी, याचा विचार येथे केला आहे.

घरटे ते समुद्र

मादी रात्री किनाऱ्यावर येऊन वाळूत सुमारे दीड फूट खोल, सुरईच्या आकाराचा खड्डा करते व त्यात साधारणतः शंभर-सव्वाशे अंडी घालून निघून जाते. त्यानंतर ती घरट्याकडे फिरकत नाही. ही अंडी शक्यतो काही तासांतच कुंपण घातलेल्या उबवणी केंद्रात तशाच खोलीच्या खड्ड्यात पुरली जातात. विलंब झाल्यास कवचाला आतून चिकटलेला गर्भ हलवाहलवीत दगावतो. साधारणपणे ४५ ते ६० दिवसांत पिल्ले बाहेर पडतात. हा काळ वाळूच्या तापमानावर अवलंबून असतो, आणि पिल्लू नर होणार की मादी हेही त्यावरच ठरते. वाळू अधिक तापली की माद्यांचे प्रमाण वाढते.

निसर्गतः पिल्ले बहुधा रात्री, वरची वाळू निवल्यावर, एकत्र वर येतात आणि क्षितिजाचा उजळ भाग पाहून समुद्राकडे धावतात. त्यांच्या पोटात अंड्यातील बलकाचा थोडा अंश शिल्लक असतो. हीच त्यांची शिदोरी. तिच्या बळावर त्यांना किनाऱ्याजवळचे भक्षक मासे आणि पक्षी टाळून खोल पाण्यापर्यंत अविश्रांत पोहायचे असते. टोपलीत किंवा टबात अडकलेले पिल्लू स्वस्थ बसत नाही. ते कडेशी धडपडत तीच शिदोरी खर्च करते. हजारातून एखादेच पिल्लू प्रौढ होते असे सामान्यतः मानले जाते. त्या हिशेबात हा अपव्यय क्षुल्लक नव्हे.

पर्यटकाची अपेक्षा

वेळासला पिल्ले सकाळी आणि सायंकाळी समुद्रात सोडण्याची पद्धत रूढ झाली. देखरेखीच्या दृष्टीने ती सोयीची आहे. प्रश्न उद्भवतो तो पाहुण्यांच्या संख्येमुळे. मुंबई-पुण्याहून रात्रभर प्रवास करून आलेल्या कुटुंबाला घरट्यातून एकही पिल्लू निघाले नाही असे सांगणे यजमानाला जड जाते, आणि सकाळची पिल्ले सायंकाळपर्यंत राखून ठेवावीत असा मोह निर्माण होतो. असा आग्रह न धरणे, हे पर्यटकाकडून होऊ शकणारे सर्वांत मोठे साहाय्य होय. पिल्ले दिसली नाहीत तरी निवासाचे व भोजनाचे पैसे आनंदाने देणारा पाहुणा घरट्याच्या रक्षणाचाच खर्च उचलत असतो. शनिवार-रविवार टाळून येणाराही गर्दीचा ताण कमी करतो.

दोरीच्या मागे उभे राहावे, पिल्लांना हात लावू नये, फ्लॅश वापरू नये, या सूचना बहुतेकांना ठाऊक असतात. त्यामागील कारणे मात्र क्वचितच सांगितली जातात. कृत्रिम प्रकाश उजळ क्षितिजाचा आभास निर्माण करतो, आणि पिल्ले समुद्राऐवजी दिव्याकडे वळतात. म्हणून किनाऱ्याकडे तोंड असलेले दिवे मालवण्यास पाहुण्यानेच यजमानाला सांगावे. ओल्या वाळूतील खोल पाऊलखुणादेखील दोन इंचांहून लहान जीवाला खड्ड्यासारख्या भासतात. किनाऱ्यावर मोटारी फिरविण्याची हौस तर अक्षम्यच म्हटली पाहिजे, कारण चाकांच्या चाकोऱ्यांत पिल्ले अडकतात आणि भरावाखाली दबलेल्या घरट्यातील पिल्लांना वर येता येत नाही.

शैक्षणिक सहली

महाविद्यालयांच्या सहली प्रायः फेब्रुवारी ते एप्रिल या काळात, पिल्ले पाहण्यासाठीच काढल्या जातात. परंतु माद्या नोव्हेंबरच्या सुमारास येऊ लागतात. त्यापूर्वी, पावसाळा सरताच, किनाऱ्यावर वाहून आलेली तुटकी मासेमारी जाळी आणि प्लॅस्टिक विद्यार्थ्यांनी उचलले, तर मादीची वाट मोकळी होते. त्या वेळी कासव एकही दिसत नाही. मात्र गावातील कासवमित्रांना वेळ असतो आणि घरटे कसे ओळखावे, अंडी कशी हलवावी हे त्यांच्या तोंडून निवांतपणे ऐकता येते.