फोन लुंबिनीत, नंबर महाराष्ट्रात

सेवाग्राम आश्रमात एक जुना टेलिफोन जपून ठेवला आहे. व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांना गांधीजींशी थेट बोलता यावं म्हणून सरकारने तो बसवला, असं तिथे सांगतात. गांधीजी १९३६ साली या गावात राहायला आले तेव्हा इथे धड रस्ताही नव्हता, आणि तरी दिल्लीहून बोलता येईल अशी तार पुढे इथवर ओढली गेली. त्या फोनसमोर उभं राहिलं की मला सगळ्यात जास्त ती तारच दिसते. तिचं एक टोक आश्रमात, दुसरं एक्सचेंजमध्ये. हा फोन आत्ता कुठे आहे, असा प्रश्न कुणाला कधी पडलाच नसेल. नंबर म्हणजे जागा. ०७१५२ लावलं की वर्धा, ०७१५३ लावलं की हिंगणघाट. माणूस त्या जागी असला तर भेटणार, नसला तर नाही.

मोबाइलचा नंबर माणसाबरोबर फिरतो, असं आपण धरून चालतो. खरं तर तो फिरत नाही. फिरतो तो फोन. नंबर आपल्या कंपनीच्या नोंदवहीत, आपल्या सर्कलमध्येच, म्हणजे आपल्या दूरसंचार विभागातच, बसून असतो. ही एवढी गोष्ट लक्षात आली की परदेशात फोनचं बिल का फुगतं, हे कोडं जवळजवळ सगळंच सुटतं.

विदर्भातून बौद्ध उपासक-उपासिकांच्या बसेस बोधगया, सारनाथ, कुशीनगर करत नेपाळमधल्या लुंबिनीला जातात. सोनौलीची सीमा ओलांडायला भारतीय माणसाला ना पासपोर्ट लागतो ना व्हिसा. ओळखपत्र जवळ असलं की पुरे. त्यामुळे परदेशात आल्यासारखं वाटतच नाही. लुंबिनीतला पांढराशुभ्र विश्वशांती स्तूप तर वर्धेकराला आपलाच वाटावा. तो स्तूप आणि वर्ध्यातला गीताई मंदिराजवळचा स्तूप, दोन्ही फुजी गुरुजींच्या निप्पोनझान म्योहोजी या जपानी संघाने उभारलेले. पण फोनला फरक लगेच कळतो. नेपाळचं नेटवर्क मिळालं की त्याचं घड्याळ आपोआप पंधरा मिनिटं पुढे जातं, कारण नेपाळची वेळ आपल्यापेक्षा तेवढी पुढे आहे. माझ्या मते परदेशात आल्याची याहून सुंदर सूचना दुसरी नाही. बसमधल्या कुणाच्याही लक्षात येण्याआधी ती मिळते.

त्या क्षणी काय घडतं ते ऐकण्यासारखं आहे. प्रत्येक टॉवर आपली ओळख सतत हवेत सांगत असतो, आणि त्या ओळखीच्या सुरुवातीला देशाचा तीन आकडी क्रमांक असतो. नेपाळचा ४२९, श्रीलंकेचा ४१३, अमिरातीचा ४२४. आपल्या सिममध्ये जो पंधरा आकडी ओळखक्रमांक असतो (आपल्या दहा आकडी नंबरहून हा वेगळा, आणि तो आपल्याला कधी दिसतही नाही) तो ४०४ किंवा ४०५ ने सुरू होतो, म्हणजे भारत. नेपाळी टॉवरला कळतं की हा पाहुणा आहे. मग तिथली कंपनी आपल्या कंपनीला विचारते: हा तुमचाच का?

उत्तर ज्या पद्धतीने दिलं जातं ती मला विलक्षण वाटते. सिममध्ये एक गुप्त किल्ली कोरलेली असते. १२८ बिटांची. अशा किल्ल्या किती वेगवेगळ्या असू शकतील, ही संख्या लिहायची तर ३९ आकडे लागतात. हीच किल्ली आपल्या कंपनीच्या तिजोरीतही असते. तिसरीकडे कुठेही नाही. आपली कंपनी नेपाळी कंपनीला एक आडवीतिडवी संख्या पाठवते आणि सोबत त्या प्रश्नाचं बरोबर उत्तरही. नेपाळी टॉवर ती संख्या तुमच्या फोनला देतो, सिम आपल्या किल्लीने गणित करून उत्तर देतं, दोन्ही उत्तरं जुळतात, आणि दार उघडतं. किल्ली सिमच्या बाहेर एकदाही पडत नाही. अनोळखी देशातल्या अनोळखी यंत्राने तुमच्यावर विश्वास ठेवलेला असतो, आणि तुमचं गुपित त्यालाही कळलेलं नसतं. बस अजून सीमेवरच्या गर्दीत अडकलेली असते.

आता आर्वीहून कुणीतरी तुम्हाला फोन लावतं. त्याने लावला तो महाराष्ट्रातला नंबर, म्हणून कॉल आधी नंबराच्या घरी जातो. नोंदवहीत दिसतं की माणूस नेपाळमध्ये आहे. मग नेपाळच्या नेटवर्ककडे एक तात्पुरता नंबर मागितला जातो. तो खरा नेपाळी नंबर असतो, फक्त त्या कॉलपुरता उसना दिलेला. त्यावर कॉल पुढे पाठवला जातो, आणि जोडला गेला की नंबर परत घेऊन दुसऱ्याच्या कामाला लावतात. सासरी गेलेल्या मुलीचं पत्र माहेरच्या पत्त्यावर यावं आणि तिथून नवा पत्ता घालून पुढे धाडावं, तसंच हे. आर्वीहून निघालेल्या पत्राचं तिकीट माहेरापर्यंतचंच होतं. पुढच्या प्रवासाचे पैसे कोण देणार?

ज्याने फोन लावला त्याला तुम्ही देशाबाहेर आहात हे माहीतही नाही. त्याच्यावर परदेशी कॉलचा भार टाकणं अन्यायाचं. म्हणून पुढचा खर्च तुमच्या माथी. भारतात येणारा कॉल फुकट झाला तो २००३ मध्ये. त्याआधी फोन उचलणाऱ्यालाही पैसे पडत, आणि लोक नंबर बघून फोन कापून बाहेरच्या पीसीओवरून उलटा लावत. देशाबाहेर पाऊल टाकलं की रोमिंग पॅक नसलेल्या माणसाला तो जुना काळ पुन्हा भेटतो.

याचं सगळ्यात चमत्कारिक रूप लुंबिनीच्याच आवारात बघायला मिळेल. मायादेवी मंदिराजवळ बसमधल्या दोघी बहिणींची चुकामूक झाली. एक दुसरीला फोन लावते. दोघींमध्ये अंतर शंभर पावलांचं. पण कॉल नेपाळमधून भारतात जातो, नंबराचं घर शोधतो आणि तिथून परत नेपाळला येतो. लावणारीला परदेशातून भारतात कॉल केल्याचा दर, उचलणारीला परदेशात कॉल घेतल्याचा दर. बसमध्ये आधीच भेटण्याची जागा आणि वेळ ठरवून घेतली तर दोन आंतरराष्ट्रीय प्रवास वाचतात.

आणि एक फार कमी लोकांना माहीत असलेली गोष्ट. तुमच्या नंबरावर 'फोन उचलला नाही तर दुसऱ्या नंबरावर वळवा' अशी सोय चालू असेल, तर कॉल नेपाळपर्यंत येतो, तिथे वाजतो, तुम्ही उचलत नाही, आणि तो तिथून पुन्हा भारतात वळतो. न बोललेल्या कॉलचे जाण्याचे आणि येण्याचे, दोन्ही पैसे लागू शकतात. निघण्याआधी घरीच ##००२# डायल केलं की कॉल वळवण्याच्या सगळ्या सूचना एकदम पुसल्या जातात.

हे सारं वर्धेकरांना एका वेगळ्या रूपात आठवायला हरकत नाही. दूरसंचारच्या नकाशावर मुंबई हे वेगळं सर्कल, आणि उरलेला महाराष्ट्र व गोवा हे वेगळं. सेवाग्राम एक्स्प्रेसने मुंबईत उतरलं की स्वतःच्याच राज्यात फोन रोमिंगवर जायचा, आणि घरून आलेल्या फोनचेही पैसे पडायचे. पणजीला मात्र पडायचे नाहीत. बीएसएनएलने देशातल्या रोमिंगवर येणारे कॉल १५ जून २०१५ पासून मोफत केले, आणि पुढच्या एक-दोन वर्षांत देशातलं रोमिंग जवळपास इतिहासजमा झालं. युरोपीय संघानेही योगायोगाने १५ जूनलाच, २०१७ साली, आपल्या सदस्य देशांमधलं वेगळं रोमिंग शुल्क काढलं. स्वित्झर्लंड मात्र त्या संघात नाही. युरोपच्या सहलीत तो देश असतोच, म्हणून पॅक घेताना देशांच्या यादीत त्याचं नाव वेगळं शोधावं.

इंटरनेटचा प्रवास कॉलपेक्षाही अद्भुत आहे. शारजात उतरलेला माणूस रस्त्यापलीकडचं हॉटेल नकाशावर शोधतो. रोमिंगवर असेल तर त्याची विचारणा बहुधा एका अदृश्य बोगद्यातून समुद्राखालच्या तारांनी भारतात येते, इथल्या दारातून इंटरनेटवर जाते आणि उत्तर घेऊन त्याच वाटेने शारजाला परतते. म्हणूनच परदेशात बसूनही पडद्यावर भारतातल्या जाहिराती दिसतात.

पॅक नसेल तर हा बोगदा काही किलोबाइटांच्या तुकड्यांनी मोजला जातो. तुकडा दहा किलोबाइटचा धरला तर एका साध्या फोटोत असे शेकडो निघतात. शिवाय फोन तुम्हाला विचारून थोडाच वापरतो? रात्री सगळे झोपले की तो फोटोंची प्रत साठवतो, अ‍ॅप ताजे करतो, फॅमिली ग्रुपवरचे सुप्रभातचे व्हिडिओ उतरवून घेतो. 'डेटा रोमिंग' नावाचं बटण बंद ठेवणं, हे सगळ्या सल्ल्यांतलं पहिलं आणि सगळ्यात स्वस्त काम. विमान जमिनीवर टेकल्यावर नाही, नागपूरला चढण्याआधीच.

फोन गुपचूप एसएमएसही पाठवतो. यूपीआय अ‍ॅप नव्याने नोंदवलं की सिम तुमचंच आहे हे पटवण्यासाठी ते तुमच्या फोनवरून एक संदेश धाडतं. परदेशातून तो आंतरराष्ट्रीय ठरतो. आयफोन तर आयमेसेज चालू करताना असा संदेश परदेशी नंबरावर पाठवतो, तेही तुम्ही वर्ध्यात बसलेले असताना. अनेकांच्या प्रीपेड शिलकीतून काही रुपये का गेले, याचं उत्तर तेच असतं. येणारे एसएमएस, म्हणजे बँकेचे ओटीपी, बहुतेक भारतीय कंपन्या रोमिंगवरही मोफत देतात. म्हणून भारतीय सिम चालू आणि त्याचा डेटा बंद, ही जोडी सांभाळावी.

अमिरातीला जाणाऱ्यांसाठी एक खास गोष्ट. तिथल्या वायफायवर व्हॉट्सअ‍ॅपचे संदेश जातात, पण व्हॉट्सअ‍ॅप कॉल तिथल्या नियमांमुळे अडवलेले आहेत. हॉटेलच्या वायफायवरून बोलू, अशा भरवशावर गेलेला माणूस दोनदा प्रयत्न करतो, मग काळजीपोटी साधा फोन लावतो, आणि मीटर सुरू होतो. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवलं तर दोन्हीकडची घालमेल टळते.

आता हिशेबाकडे वळू. परदेशी कंपनी तुमच्या प्रत्येक कॉलची, प्रत्येक तुकड्याची नोंद फायलीत भरून आपल्या कंपनीला पाठवते. त्यात रक्कम अनेकदा एसडीआरमध्ये लिहिलेली असते. एसडीआर म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने १९६९ मध्ये निर्माण केलेलं हिशेबाचं एकक. ज्याची नोट नाही, नाणं नाही, जे खिशात कुणीच पाहिलेलं नाही. लुंबिनीत 'पोचलो' एवढंच सांगितलेला कॉल जगातल्या मध्यवर्ती बँकांच्या चलनात मोजला जातो, हे कळल्यावर मी बराच वेळ त्याच विचारात होतो. या फायली येतात सावकाश. फसवणूक पकडण्यासाठी काही तासांत पोचणारी वेगळी खबर असते, पण पूर्ण हिशेबाला दिवस लागू शकतात. पोस्टपेडचं बिल म्हणूनच मागाहून धक्का देतं. प्रीपेडमध्ये मात्र कॉल जोडण्याआधीच परदेशी एक्सचेंज आपल्या कंपनीला शिल्लक विचारतं. शिल्लक संपली की कॉल तुटतो. आईवडील पहिल्यांदाच लेकीकडे अमेरिकेला जात असतील तर मी बेधडक प्रीपेड सुचवतो.

काही वेळा माणूस देश सोडत नाही आणि फोन सोडतो. रामेश्वरला जाणारे यात्रेकरू धनुष्कोडीच्या टोकाला उभे असतात, आणि फोनवर श्रीलंकेत स्वागत असल्याचा संदेश येतो. समोरचा तलैमन्नारचा किनारा जेमतेम तीस किलोमीटर, मध्ये उघडा समुद्र, लहरींना अडवायला काहीच नाही. इथे घड्याळही सावध करत नाही, कारण श्रीलंकेची वेळ आणि आपली एकच आहे. सेटिंगमध्ये नेटवर्कची आपोआप निवड बंद करून आपल्या कंपनीचं नाव हाताने निवडलं की फोन मायदेशी परततो. क्रूझ जहाजावर आणि काही विमानांत तर स्वतःचा छोटा टॉवर असतो, उपग्रहाला जोडलेला. त्याचा देशक्रमांक ९०१, म्हणजे कुठल्याच देशाचा नाही. साधे रोमिंग पॅक तिथे बहुधा लागू होत नाहीत. एअरप्लेन मोड लावावा आणि समुद्र बघावा.

पॅक घेतलं तरी दोन गोष्टी तपासायच्या. ते तिथल्या कोणत्या नेटवर्कवर चालतं, नेपाळ टेलिकॉम की एनसेल, कारण पॅक ठरलेल्या भागीदार कंपनीवरच लागू असतं आणि फोन जास्त जोराचा सिग्नल बघून दुसरीकडे जाऊ शकतो. आणि 'एक दिवस' म्हणजे चोवीस तास की मध्यरात्रीपर्यंत. महिनाभर राहायचं असेल तर तिथलं सिम किंवा ई-सिम बहुधा स्वस्त. ई-सिममध्ये तर सगळी ओळख, किल्लीसकट, हवेतून उतरते. प्लास्टिकचा तुकडा लागतच नाही.

नंबर मात्र +९१ लावूनच साठवा. भारतातला मोबाइल नंबर दहा आकडी, अमेरिकेतलाही दहा आकडी. बीएसएनएलचे महाराष्ट्रातले कितीतरी नंबर ९४०३, ९४०४, ९४०५ ने सुरू होतात, आणि ९४० हा उत्तर टेक्सासचा एरिया कोड आहे. +९१ विसरून देवळीच्या मामांना लावलेला फोन डेंटनमधल्या एखाद्या घरात वाजू शकतो. वर्ध्याची लँडलाइन असेल तर शून्य काढून +९१ ७१५२ असं लिहावं.

परत आल्यावर एक-दोन महिने बिल ओळीओळीने वाचावं, कारण उशिरा आलेल्या नोंदी पुढच्या बिलात पडतात. पॅकच्या मुदतीतली एखादी रक्कम वेगळी लावलेली दिसली तर पॅक चालू झाल्याचा एसएमएस जवळ ठेवून कंपनीच्या तक्रार केंद्राकडे नोंद करावी आणि तिचा क्रमांक घ्यावा. तिथे समाधान झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येतं.