नवी गिटार, जुनं रूप

हातानं घडवलेली नवीकोरी गिटार मुद्दाम झिजवणं ही फसवणूकच, असा आक्षेप घेतला जातो. पण फेंडर कंपनी १९९५पासून अशा गिटारी ‘रेलिक’ म्हणून उघडपणे विकते. फसवणूक होते ती खोटं साल सांगितल्यावर. खरा प्रश्न कारागिरीचा. गिटारीवरचा नायट्रोसेल्युलोज लॅकरचा पातळ थर एकदम गारठवला, की तो लाकडापेक्षा वेगळ्या प्रमाणात आकसतो आणि जुन्या गिटारीसारख्या बारीक भेगा पडतात. जाड पॉलिएस्टरच्या थरावर त्या सहसा उमटत नाहीत. रंग उडावा तो वादकाचा हात घासतो तिथेच. सरसकट ओरखडे काढणारा कारागीर इथेच उघडा पडतो. झिजवल्यानं आवाज सुधारतो म्हणणाऱ्यांवर फार विसंबू नये. मात्र मानेची पाठ घासून गुळगुळीत केली, बोटं फिरतात त्या पट्टीच्या कडा गोलसर केल्या, तर पहिल्या दिवसापासून हात सहज फिरतो. जास्तीचे पैसे मोजायचेच, तर ते यासाठी.