व्हॉट्सअ‍ॅप कॉल लागतो, मग साधा फोन का लागत नाही?

बसमध्ये हेडफोन विसरलात किंवा वर्गात बसून ऐकता येत नाही, तर या एपिसोडचं हे लेखी रूप. बोलण्यातले 'अं', 'म्हणजे' तेवढे काढलेत.

शिरपूरकडच्या एका श्रोत्याचा मेसेज आला. "दादा, घरात वायफाय आहे, व्हॉट्सअ‍ॅप कॉल एकदम क्लिअर. पण टॉवरची रेंज एकच काडी. आईकडे बटणाचा फोन आहे, तिचा कॉल मला लागतच नाही. नेट आहे ना, मग फोन का नाही?" प्रश्न एकदम बरोबर आहे भो. कारण नेटवरून जाणारा आवाज ही एक गोष्ट आणि तुमच्या नंबरवर येणारा फोन ही दुसरी.

मी देवपूरचा. आमच्या धुळ्याचा एसटीडी कोड ०२५६२, जळगावचा ०२५७. जुन्या पद्धतीत धुळ्याहून जळगावला फोन लावला की दोन फोनांमध्ये एक वाट फक्त तुमच्यासाठी राखून ठेवली जायची. याला म्हणतात सर्किट स्विचिंग. तुम्ही गप्प बसलात तरी वाट अडलेलीच, म्हणून एसटीडी बूथचं मीटर पळतच राहायचं. जगभरच्या या टेलिफोन जाळ्याचं नाव पीएसटीएन. त्याची एक गोष्ट मला अजून आवडते. तांब्याच्या तारेवरच्या फोनला वीज एक्सचेंजच्या ४८ व्होल्टच्या बॅटऱ्यांमधून यायची, त्यामुळे लोडशेडिंगमध्येही तो वाजायचा. आता लाइट गेली की राउटर मेला.

इंटरनेटवर वाट कुणासाठीच राखीव नसते. तिथे आवाजाचे तुकडे, म्हणजे पॅकेट, करून पाठवतात. याला व्हीओआयपी म्हणतात, व्हॉइस ओव्हर इंटरनेट प्रोटोकॉल. समजा धुळ्याहून जळगावला वऱ्हाड निघालंय. सगळे एका एसटीत नाहीत, पन्नास जीपमध्ये आहेत. काही पारोळा-एरंडोलवरून, काही अमळनेरवरून. साधारण २० मिलिसेकंदांचा आवाज एका जीपमध्ये बसतो, म्हणजे सेकंदाला ५० जीपा.

आता बघा. जीपला पोचायला लागणारा वेळ म्हणजे लेटन्सी. एका बाजूने १५० मिलिसेकंदांच्या आत असेल तर बोलताना जाणवत नाही. फार वाढला की दोघं एकदम 'हॅलो' म्हणतात आणि दोघं एकदम थांबतात. जीपा ठरलेल्या अंतराने न येता कधी तीन एकदम, कधी एकही नाही, हा झाला जिटर. त्यावर उपाय म्हणून मांडवाच्या दाराशी पाहुण्यांना क्षणभर थांबवून नंबरानं आत सोडतात, तो जिटर बफर. आणि जी जीप बंद पडली ती पॅकेट लॉस. फोटो पाठवताना हरवलेला तुकडा परत मागवता येतो, कॉलमध्ये सहसा मागवत नाहीत. उशिरा आलेला शब्द काय कामाचा? म्हणून आवाज रोबोटसारखा तुटतो. स्पीड टेस्टमध्ये ५० एमबीपीएस दिसूनही कॉल फाटतो तो यामुळे. आवाजाला स्पीड फार लागत नाही, सातत्य लागतं.

जीपमध्ये सामान दाबून बसवणारा म्हणजे कोडेक. जुनी डिजिटल लाइन सेकंदाला ६४ किलोबिट खायची आणि ३०० ते ३४०० हर्ट्झच आवाज न्यायची, म्हणून 'स' आणि 'फ' सारखे ऐकू यायचे. २०१२ साली प्रमाणित झालेला ओपस कोडेक त्याहून कमी डेटात जास्त स्वच्छ आवाज देतो. कॉल जोडणं, घंटी वाजवणं, ठेवणं हे काम एसआयपीचं. म्युच्युअल फंडवालं एसआयपी नाही हां!

आता मूळ प्रश्न. जिओ सप्टेंबर २०१६ मध्ये आलं तेव्हा त्यांच्याकडे टूजी-थ्रीजी नव्हतंच, म्हणून साधा कॉलसुद्धा फोरजीच्या पॅकेटमधून न्यावा लागला. तो व्होल्टी. तंत्र व्हीओआयपीचंच, पण रस्ता कंपनीचा स्वतःचा, त्यावर आवाजाच्या जीपांना वेगळी लेन, आणि नंबर तुमच्या सिमचा. व्हॉट्सअ‍ॅपला ती लेन नाही आणि ते पीएसटीएनशी जोडलेलंही नाही. म्हणून आईच्या बटणाच्या फोनवरून त्यावर येता येत नाही.

मधला मार्ग म्हणजे व्होवायफाय, म्हणजेच वायफाय कॉलिंग. कॉल तुमच्या सिमचाच, फक्त टॉवरऐवजी घरच्या वायफायवरून कंपनीपर्यंत पोचतो. एअरटेलने ते डिसेंबर २०१९ मध्ये आणलं, जिओने जानेवारी २०२० मध्ये. सेटिंगमध्ये सिमच्या पानावर 'वायफाय कॉलिंग' चालू करा. मग फ्लाइट मोड लावा, वायफाय तेवढं सुरू ठेवा आणि स्वतःला दुसऱ्या फोनवरून कॉल करून बघा. वाजला तर काम झालं. आईच्या फोनमध्ये काहीच बदलायचं नाही.

हे आजच करून ठेवा, कारण व्हॉट्सअ‍ॅपवरून ११२ लागत नाही. आणखी एक. स्वतःच्या सिमची रेंज गेली तरी दुसऱ्या कंपनीचा टॉवर आसपास असेल तर मोबाइल ११२ त्यावरून लावायचा प्रयत्न करतो. वायफायवरून लावलात तर पत्ता तोंडाने सांगा, ठिकाण त्यांना आपोआप कळेल यावर विसंबू नका.

शेवटचा शब्द स्पूफिंग. व्हीओआयपीत कॉल करणाऱ्याचा नंबर हीसुद्धा पाठवलेली माहितीच असते, त्यामुळे परदेशातून आलेला कॉल +९१ दाखवू शकतो. असे कॉल अडवणारी यंत्रणा दूरसंचार विभागाने ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू केली, तरी स्क्रीनवरचा नंबर म्हणजे ओळखपत्र नव्हे. 'पोलीस बोलतोय' म्हणणारा कॉल आला तर ठेवा आणि संचार साथीवरच्या 'चक्षू'मध्ये तक्रार टाका. पैसे गेले असतील तर लगेच १९३०. घरातल्या मोठ्यांच्या फोनमध्ये हा नंबर आधीच सेव्ह करून द्या.