तुरुंगाच्या गजांवर आयएसआयचा शिक्का

नळाच्या पाइपातून पाणी सोडून बाकी सगळं काढणारी एक जमात आपल्याकडे आहे, ती म्हणजे कॉलेजच्या एकांकिकांचे बॅकस्टेजवाले. पुण्याच्या पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेला 1963 मध्ये सुरुवात झाली, तेव्हाचे नेपथ्यवाले बांबू, लाकडी पट्ट्या आणि मांजरपाटावर भागवायचे. आता चौकट म्हटली की पहिल्यांदा पीव्हीसी आठवतो. तो हलका असतो, त्याला सुतार लागत नाही आणि सुटा करून टेम्पोत टाकता येतो. पण तो पाणी वाहायला बनवलाय, भार पेलायला नाही. ही एक गोष्ट ज्याला कळली, त्याचा सेट उभा राहतो.

आमच्या एका एकांकिकेत तुरुंग होता. गजांसाठी शेतीचा राखाडी पाइप आणला. मुळातच राखाडी, म्हणून रंग दिला नाही. रंगीत तालमीत दिवे लागले आणि तिसऱ्या रांगेतून दिग्दर्शकाला कैद्याच्या चेहऱ्याशेजारी कंपनीचं नाव, 25 मिमी, आयएस 4985 आणि आयएसआयचा शिक्का असं सगळं स्वच्छ वाचता आलं. पाइपावर ही छपाई ठरावीक अंतरानं येतच राहते, त्यामुळे गज फिरवून लपवता येत नाही. ती थिनरच्या फडक्यानं निघते, पण पृष्ठभाग गुळगुळीतच राहतो आणि त्यावर दिलेला रंग नखानं सुटतो. आधी पॉलिश पेपर मारून चकाकी घालवायची, धूळ पुसायची, मग प्रायमर आणि शेवटी रंग. हे काम कंटाळवाणं आहे, पण यात आळस केला की प्रेक्षकाला तुरुंग दिसत नाही, नळाचं सामान दिसतं.

त्याच तुरुंगाचा दुसरा प्रसंग स्पर्धेच्या आदल्या रात्रीचा. पाइप आडवे-उभे जोडायचे ‘टी’ कमी पडले. दुकान बंद व्हायच्या बेतात असताना एका ज्युनिअरला पिटाळलं. तो ‘पाऊण इंची’ टी घेऊन आला, पण ते क्रीम रंगाचे, म्हणजे गरम पाण्याच्या सीपीव्हीसीचे. पाऊण इंच म्हणून तीन वेगळे पाइप विकले जातात, हे त्या पोराला कुणी सांगितलंच नव्हतं. शेतीचा राखाडी पाइप बाहेरून 25 मिमी, प्लंबिंगचा पांढरा 26.7 आणि क्रीम 22.2. आमचा गज त्या टीमध्ये शिरेना.

तोडगा काढला जळगावकडच्या एका मुलानं. त्या भागात पाइप घरातल्यासारखाच असतो. जैन इरिगेशननं तिथे पीव्हीसी पाइप बनवायला 1980 मध्ये सुरुवात केली आणि शेतात पाइपलाइन टाकणं तर हा मुलगा लहानपणापासून बघत आलेला. कपलर हाताशी नसला की शेतकरी पऱ्हाट्यांच्या जाळावर पाइपाचं तोंड मऊ करतात आणि दुसरा पाइप त्यात रेटून बसवतात. पीव्हीसी साधारण 80 अंशांना मऊ पडतो, त्यामुळे हे जमतं. तो म्हणाला, “दादा, टी कशाला पाहिजेत? खऱ्या तुरुंगात गजाला टी असतो का?” त्यानं लोखंडी पाइपाचा तुकडा गॅसवर तापवला आणि त्या तुकड्यानं वरच्या-खालच्या जाड आडव्या पाइपांना भोकं पाडली. गज सरळ त्यांत खोवले. पाइप चिकटवायच्या सोल्युशनचा थेंब लागला नाही, आणि तुरुंग आधीपेक्षा कितीतरी खरा दिसू लागला.

हे काम अंगणातच करावं, वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभं राहून. पीव्हीसीच्या वजनात निम्म्याहून जास्त क्लोरीन असतो. तो करपला की हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते आणि डोळे-घसा जाळते. बंद खोलीत हा उद्योग कुणी करू नये.

सोल्युशन लावण्यावरून प्रत्येक टीममध्ये वाद होतो. नवख्यांना वाटतं, सगळे सांधे चिकटवले की सेट मजबूत. पण सोल्युशन हा साधा डिंक नव्हे. ते दोन्ही पृष्ठभाग विरघळवतं आणि एकजीव करतं, मग तो सांधा करवतीनंच सुटतो. पाइप घालून पाव वळसा द्यायचा आणि अर्धा मिनिट घट्ट धरून ठेवायचा, कारण फिटिंग आत निमुळतं असतं आणि ओला पाइप हळूच बाहेर सरकतो. आमचा शिरस्ता असा, की चौकटीचे चारही कोपरे चिकटवायचे आणि चौकटीला चौकट जिथे भेटते तो सांधा कोरडा ठेवून त्यात एक स्क्रू मारायचा. स्क्रू विसरला तर कोरडा सांधा कुरकुरतो. नटी स्तब्ध उभी असताना मागचं दार कुरकुरलं, तर तिची सगळी मेहनत त्या आवाजात जाते. म्हणून प्रयोगाआधी कोरड्या सांध्यांत मेणबत्तीचं मेणही घासतो.

नुसती चौकट उभी केली की पतंगासारखी तिरकी होते. तिला एक तिरपा टेकू द्यावाच लागतो. खालच्या पाइपात वाळू भरून टोकांना एंड कॅप लावली की वजन बुडाशी राहतं. शिवाय पोलादाच्या मानानं पीव्हीसी सत्तरेक पट लवचीक. आमच्या कैद्यानं भावनेच्या भरात गज धरून अंग टाकलं तेव्हा ते धनुष्यासारखे वाकले. नंतर त्या दोन गजांत आतून बांबू सारला. लेव्हल मात्र आम्ही कधीही पाइपावर उभारत नाही. ज्यावर माणूस उभा राहणार ते लाकडाचंच, याबाबतीत कुणाचंही ऐकायचं नाही.

मेकअप रूममधल्या कपड्यांच्या रॅकलाही हेच लागू. सव्वा इंची पाइपावर नऊवारी आणि शेरवान्या लटकवल्या तेव्हा तो दिसायला भक्कम होता. तालमींच्या महिनाभरात मधोमध झोळ आला आणि कपडे काढले तरी गेला नाही. सतत भार राहिला की हे प्लास्टिक कायमचं वाकतं. आता दर तीन फुटांवर खाली एक पाय देतो.

तुरुंगाचे गज पुढच्या वर्षी बसस्टँडच्या रेलिंगला गेले. एका वाड्याची कमान होती, पाइपात वाळू ठासून, शेकून वाकवलेली. ती एका गणेश मंडळानं स्वागतासाठी मागून नेली आणि वर्षभर उघड्यावर ठेवली. उन्हानं ती पांढुरकी पडली, हात लावला की भुकटी यायची आणि उतरवताना तिचा एक तुकडा तडकला. तेवढा भाग कापून कपलर घातला आणि दोन हात बाहेरचा पांढरा रंग दिला. कमान अजून मंडळाकडेच आहे, फक्त आता विसर्जनानंतर आत ठेवतात.