हाताशी सापडलेली माणसं

१० मे २०२२ ची रात्र चंद्रपूरजवळच्या ऊर्जानगर-दुर्गापुरात अजून कुणी विसरलेलं नाही. घराच्या अंगणातून बिबट्याने तीन वर्षांच्या मुलीला उचललं. आई काठी घेऊन त्याच्यावर धावली आणि लेकरू सोडवून आणलं. त्याआधी फेब्रुवारीत वीज केंद्रातली पाळी संपवून घरी निघालेल्या कामगाराला वाघाने नेलं होतं, आणि दुसऱ्याच दिवशी दुर्गापुरातला एक मुलगा बिबट्याने नेला होता. लोकांच्या सहनशक्तीचा अंत झाला होता. मुलीची बातमी ऐकून वनखात्याची माणसं आली, तेव्हा जमावाने त्यांनाच अडकवून ठेवलं. बिबट्याला गोळी घालण्याचा हुकूम निघेपर्यंत सोडणार नाही, असं सांगितलं.

तो हुकूम काढण्याचा अधिकार त्या माणसांकडे नव्हता. वीज केंद्राच्या आणि कोळसा खाणीच्या पडीक जमिनीवर वाढलेली झुडपंही त्यांनी लावली नव्हती. ती माणसं फक्त हाताशी सापडली होती. लोकांचा राग खरा होता आणि बाप म्हणून मलाही तो पटत होता. पण त्या रात्रीनंतर मी एक गोष्ट बघत आलो आहे. आपल्याकडे राग नेहमी गणवेशातल्या सर्वांत खालच्या माणसावर जाऊन आदळतो. हे सर्वांत जास्त कुठे घडत असेल, तर सरकारी दवाखान्यात.

आमच्या शेजारचं गडचिरोलीचं जिल्हा सामान्य रुग्णालय घ्या. कागदोपत्री ते इतर जिल्ह्यांसारखंच नागरी रुग्णालय आहे. प्रत्यक्षात गेली चार दशकं ते नक्षलवादी संघर्षाच्या युद्धभूमीच्या काठावर उभं आहे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातून गडचिरोली वेगळा झाला. १४,४१२ चौरस किलोमीटरचा, बारा तालुक्यांचा, बहुतांश जंगलाचा हा जिल्हा. उत्तरेला कोरची, दक्षिणेला गोदावरीकाठचं सिरोंचा, पूर्वेला इंद्रावतीपलीकडे छत्तीसगड. भामरागडहून निघालेला रुग्ण गडचिरोलीला पोचतो तो सुमारे पावणेदोनशे किलोमीटर तोडून. पावसाळ्यात पर्लकोटा नदी चढली की भामरागडचा रस्ता बंद. जुलै २०२४ मध्ये कुडकेलीजवळ नाल्याच्या पुरामुळे एका गरोदर बाईला जेसीबीच्या बकेटमध्ये बसवून पलीकडे न्यावं लागलं होतं. ते छायाचित्र सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. पलीकडे तिच्यासाठी वाट पाहत कुणीतरी आरोग्य कर्मचारी उभे होते, ते मात्र फारसं कुणाच्या नजरेत भरलं नाही.

या वाटेवर पायऱ्या आहेत. उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, मग जिल्हा रुग्णालय, आणि तिथे जमलं नाही तर चंद्रपूर नाहीतर नागपूर मेडिकल. प्रत्येक पायरीवर आजार थोडा पुढे गेलेला असतो. बिघडलेल्या हिवतापात मूल तापाने फणफणून झटके देऊ लागतं, तेव्हा घरचे आधी पुजाऱ्याकडे नेतात, मग केंद्रावर. गडचिरोलीत पोचेपर्यंत बेशुद्धी आलेली असते. बोटातून रक्ताचा थेंब, पट्टीवरची लाल रेघ, शीर सापडेपर्यंत टॉर्चच्या उजेडात त्या इवल्याशा हाताशी चाललेली झटापट, मग आर्टेसुनेटचं इंजेक्शन. मूल वाचलं तर पुजाऱ्याचं पुण्य, गेलं तर दवाखान्याने मारलं. हा हिशोब सिस्टरलोकांना तोंडपाठ आहे.

सापाचं तर विचारूच नका. रोवणीच्या दिवसांत, धानाच्या पट्ट्यात, जमिनीवर झोपणाऱ्या माणसाला मण्यार रात्री चावते आणि बरेचदा डंख दिसतही नाही. विदर्भातल्याच एका सरकारी रुग्णालयात मी अशी एक रात्र काढली आहे. नाव मुद्दाम देत नाही. ओळखीच्या एका शेतमजुराच्या पोराला पहाटे आणलं. पापण्या मिटत चाललेल्या, शब्द जड झालेला. सिस्टरने काचेच्या कोरड्या नळीत थोडं रक्त घेतलं, नळी टेबलावर उभी ठेवली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. वीस मिनिटं त्या नळीला कुणी हात लावायचा नाही. रक्त गोठलं तर एक अर्थ, पाण्यासारखं पातळ राहिलं तर दुसरा. ही तपासणी घोणस आणि फुरशासाठी. मण्यारीची लक्षणं डोळ्यांत आणि श्वासात दिसतात, ती तिने नळीची वाट न पाहताच ओळखली होती. दहा कुप्या सर्पविषरोधक लस सलाईनमधून सुरू झाली. पण श्वास लागू लागला आणि तिथलं कृत्रिम श्वासाचं यंत्र दुसऱ्या रुग्णाला लावलेलं होतं. मग रबरी फुगा. तो हाताने दाबत राहायचं, मिनिटाला बारा-पंधरा वेळा, थांबायचं नाही.

आधी तरुण डॉक्टर, मग सिस्टर, मग पोराचा काका, मग मी. तिने मला दाबण्याचा ताल शिकवला आणि वॉर्डातल्या बाकीच्यांकडे गेली. तिच्या वाट्याला त्या रात्री किती रुग्ण होते, ते मी मोजले नाहीत. खाटा भरून जमिनीवर गाद्या होत्या, एवढं आठवतं. दर थोड्या वेळाने ती यायची, पोराच्या पापण्या उचलून बघायची आणि म्हणायची, "दाबत राहा जी, हात नका सोडू." उजाडता उजाडता कुणीतरी नातेवाईक दारात ओरडू लागला, की इथे कुणी लक्षच देत नाही. त्याच्या म्हाताऱ्या आईची चादर रात्रीपासून बदलली नव्हती. त्याचं म्हणणं खरं होतं. सिस्टरने वाद घातला नाही, कपाट उघडलं, कपाटात चादर नव्हती. दुपारी पोराने डोळे उघडले.

कपाटात नसलेल्या त्या चादरीचा हिशोब तिच्याकडे मागितला गेला, यातच सगळं आलं.

गडचिरोलीच्या रुग्णालयावर याखेरीज त्या युद्धभूमीचं आणखी एक ओझं आहे, जे महाराष्ट्रात दुसऱ्या कुठल्या नागरी रुग्णालयाने इतकी वर्षं उचललेलं नाही. ८ ऑक्टोबर २००९ ला लाहेरीजवळ सतरा पोलीस शहीद झाले. १ मे २०१९ ला जांभुळखेड्याच्या सुरुंगस्फोटात पंधरा जवान आणि त्यांच्या गाडीचा चालक गेला. गंभीर जखमींना हेलिकॉप्टरने नागपूरला नेतात हे आपण बातमीत वाचतो. पण प्रत्येक जखमी त्या हेलिकॉप्टरपर्यंत टिकतोच असं नाही, आणि मेलेल्यांना तर कुणी नागपूरला नेत नाही. एप्रिल २०१८ मध्ये कसनासूर-बोरियाच्या चकमकीनंतर चाळीसपर्यंत नक्षलवादी मारले गेल्याचं पोलिसांनी सांगितलं. काही मृतदेह इंद्रावतीच्या पात्रातून नंतर निघाले. एप्रिलचं ऊन, पाण्यात फुगलेले देह, ओळख पटवायला आलेले आईबाप. नोव्हेंबर २०२१ च्या मर्दिनटोल्यानंतर पुन्हा सव्वीस-सत्तावीस. हे शवविच्छेदन सरकारी डॉक्टर आणि त्यांच्याबरोबरचे शवागारातले कर्मचारी करतात. जवानाची जखम आणि नक्षलवाद्याची जखम त्याच हातांनी शिवावी लागते आणि अहवालात एक शब्द इकडचा तिकडे झाला तर दोन्हीकडून संशय. लष्करी रुग्णालयातल्या माणसाला निदान लष्कराचं पाठबळ असतं. इथल्या माणसाला बदलीचा अर्ज तेवढा असतो.

टीका खोटी असते असं माझं म्हणणं नाही. ४ सप्टेंबर २०२४ ला अहेरी तालुक्यात एका जोडप्याने आपल्या दोन चिमुकल्यांचे मृतदेह खांद्यावर घेऊन जिमलगट्ट्याच्या आरोग्य केंद्रातून पंधरा किलोमीटरची चिखलवाट तुडवली. ते चित्र पाहून ज्याच्या पोटात कालवलं नाही, त्याच्याशी बोलण्यात अर्थ नाही. पण त्याच दिवसांतल्या बातम्यांत पुढचंही आलं होतं. ताप आलेल्या मुलांना आधी पुजाऱ्याकडे नेलं होतं. केंद्रावर आणलं तेव्हा जीव उरला नव्हता. केंद्राकडे रुग्णवाहिका नव्हती, ती देचलीपेठ्याहून बोलावण्याची तयारी कर्मचाऱ्यांनी दाखवली होती, आणि दुःखाने सुन्न झालेले आईबाप थांबले नाहीत. आता यात गुन्हेगार कोण? रस्ता न करणारा, रुग्णवाहिका न देणारा, की त्या दिवशी ड्युटीवर असलेला?

आपल्या राज्याने या प्रश्नाचं उत्तर वारंवार एकाच पद्धतीने दिलं आहे. ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली. दहा बाळं गेली, सात वाचवली गेली. आग विझवण्याची पुरेशी यंत्रणा तिथे नव्हती. शल्यचिकित्सक निलंबित झाले हे खरं, पण कंत्राटी परिचारिकांना घरी बसवलं आणि पुढे गुन्हा दाखल झाला तोही परिचारिकांवर. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला नगरच्या जिल्हा रुग्णालयातल्या अतिदक्षता विभागात अकरा रुग्ण होरपळले. अटक झाली ती एका तरुण डॉक्टरला आणि परिचारिकांना. ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या सरकारी रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस मृत्यू झाले, त्यात बारा नवजात होते. तेव्हा एका खासदाराने अधिष्ठात्यांच्या हातात झाडू देऊन त्यांना शौचालय साफ करायला लावलं आणि कॅमेरे चालू होते. शौचालय घाण होतं, यात शंका नाही. सफाई कामगारांची पदं का भरली नाहीत, हे विचारायला मंत्रालयात कुणी झाडू घेऊन गेलं नाही.

अमेरिकेतलं उदाहरण इथे आठवतं. फेब्रुवारी २००७ मध्ये वॉल्टर रीड या नामांकित लष्करी रुग्णालयाची लाज वर्तमानपत्राने चव्हाट्यावर आणली. इराकहून हातपाय गमावून आलेले सैनिक बुरशी लागलेल्या खोल्यांत, उंदरांच्या सोबतीने महिनोन्महिने कागदपत्रांची वाट पाहत पडले होते. सगळा देश खवळला. त्यातही उपचार करणाऱ्या डॉक्टर-परिचारिकांच्या बाजूने बोलणारे होते, कारण बुरशी त्यांनी आणली नव्हती. रुग्णालयाचे प्रमुख जनरल हटवले गेले आणि लष्कर खात्याच्या मंत्र्याला राजीनामा द्यावा लागला. राग वरपर्यंत पोचला.

आपल्याकडे वरपर्यंत पोचण्यासारखं काय आहे, ते महालेखापरीक्षकांनी लिहून ठेवलं आहे. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागात डॉक्टरांची सुमारे २२ टक्के, परिचारिकांची ३५ टक्के पदं रिकामी असल्याचं त्यांच्या अहवालात आहे, आणि वैद्यकीय शिक्षण विभागात डॉक्टरांची अवस्था याहून वाईट. ही राज्याची सरासरी आहे. भामरागड-एटापल्लीला कोण आनंदाने जातं, हे सांगायला अहवाल नको. औषधांचं तर २०१७ पासून बघा. खरेदी हाफकिन महामंडळाकडे गेली, वेळेवर औषध येईना, मग २०२३ मध्ये कायदा करून नवं खरेदी प्राधिकरण उभं केलं. मधल्या काळात 'बाहेरून आणा' अशी चिठ्ठी लिहून रुग्णाच्या शिव्या खाल्ल्या त्या वॉर्डातल्या डॉक्टरने. शिवाय निम्मा गाडा राष्ट्रीय आरोग्य अभियानातल्या कंत्राटी माणसांच्या खांद्यावर. सेवेत कायम करा म्हणून २०२५ च्या ऑगस्टमध्ये ते संपावर गेले, तेव्हा कुठे लसीकरण कोण करतं हे गावाला उमजलं.

हेमलकसा आणि शोधग्रामबद्दल आपल्याला सगळ्यांना आदर आहे, मलाही आहे. १९७३ साली आमटे कुटुंबाने जंगलात उभा केलेला दवाखाना आणि डॉ. बंग दांपत्याने गावातल्याच बायांना शिकवून नवजात बाळं वाचवण्याची दाखवलेली वाट, दोन्हींनी देशाला शहाणपण शिकवलं. त्यांच्याकडे आपण सहली काढून जातो. पण त्याच जिल्ह्यात सरकारी नोकरीत वीस वर्षं रात्रपाळी केलेल्या परिचारिकेला कुणी व्याख्यानाला बोलावत नाही. ध्येयवादी म्हणून नव्हे, पगारासाठी म्हणून का होईना, ती तिथे राहिली. राहणं हीच मोठी गोष्ट आहे.

तिच्या बाजूने बोलणं म्हणजे चुकांवर पांघरूण घालणं नाही. पैसे मागणारा, दारू पिऊन येणारा, रुग्णाला हिडीसफिडीस करणारा कर्मचारी असतो, आणि त्याच्यावर कारवाई झालीच पाहिजे. रुग्णालयात हिंसा करणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद सांगणारा कायदाही राज्यात २०१० पासून आहे. त्याचा धाक नाही, कारण हात उचलणाऱ्यालाही वाटतं की समोर उभा आहे तोच सरकार.

पुढच्या वेळी आप्ताला घेऊन सरकारी दवाखान्यात जाल आणि औषध नसेल, खाट नसेल, चादर नसेल, तर जरूर तक्रार करा. लेखी करा. कुणाचं वागणं खटकलं असेल तर तेही लिहा. पण त्यात हेही विचारा की या वॉर्डात मंजूर पदं किती, भरलेली किती, आणि हे सामान शेवटचं कधी आलं. अर्ज जिल्हा शल्यचिकित्सकांना द्या, आणि एक प्रत आमदाराला, एक पालकमंत्र्याला. त्या प्रती त्यांच्यापर्यंत पोचणं आमच्या सिस्टरच्या हातात नाही, तुमच्या हातात आहे.

गडचिरोलीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय ९ ऑक्टोबर २०२४ ला सुरू झालं. तिथली पहिली तुकडी आंतरवासिता संपवून डॉक्टर होईपर्यंत २०३० उजाडेल.