आसामी भाषेचे अंगण

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला आणि महाराष्ट्रात आनंदीआनंद झाला. कित्येक वर्षांची मागणी पुरी झाली होती, तेव्हा ते साहजिकच होते. पण त्या दिवशीच्या यादीत मराठी एकटी नव्हती. पाली, प्राकृत, बंगाली आणि आसामी याही भाषा तीत होत्या. बंगाली आणि आसामी एकाच यादीत मांडीला मांडी लावून बसलेल्या पाहून मला गंमत वाटली आणि थोडे गलबलूनही आले. कारण एके काळी आसामी ही स्वतंत्र भाषाच नव्हे, ती बंगालीची एक बोली आहे, असे सरकारदरबारी धरून चालले होते. त्या जखमेचा व्रण अजून दुखतो.

आपण आसामविषयी बोलू लागलो की ‘घुसखोर’ या शब्दापासून सुरुवात करतो आणि बहुधा तिथेच थांबतो. आसामी माणसाची धास्ती समजून घ्यायची, तर बरेच मागे जावे लागते.

१८२६ साली यांदाबूच्या तहाने आसाम इंग्रजांच्या हाती आला. त्यांच्यामागून कारभार चालवायला बंगालमधले कारकून आले आणि १८३६ साली कचेऱ्यांची व शाळांची भाषा बंगाली झाली. शिवसागरच्या शेतकऱ्याने आपल्याच जमिनीचा दावा परक्या भाषेत मांडायचा आणि त्याच्या पोराने परक्या भाषेत मुळाक्षरे गिरवायची, असे तब्बल सदतीस वर्षे चालले. त्याच सुमारास आपल्याकडे काय चालले होते? १८३१ साली मोल्सवर्थचा मराठी कोश निघाला होता, १८३२ साली बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ सुरू झाले होते. मराठीला आपले अस्तित्व कुणापुढे सिद्ध करावे लागले नाही. आसामीला ते करावे लागले.

त्या कामी पहिली मदत झाली ती अमेरिकन बॅप्टिस्ट मिशनऱ्यांची. १८४६ साली त्यांनी शिवसागरहून ‘अरुणोदय’ हे आसामी मासिक सुरू केले. त्यांच्यातल्या माइल्स ब्रॉन्सन यांनी १८६७ साली आसामी-इंग्रजी कोश छापला. आपल्या मोल्सवर्थचाच हा भाऊबंद म्हणायचा. आनंदराम ढेकियाल फुकन या तरुण अधिकाऱ्याने १८५५ साली इंग्रजीत एक पुस्तिका लिहून आसामी ही बंगालीहून वेगळी, स्वतःचे साहित्य असलेली भाषा आहे, हे साधार मांडले. वयाची तिशी गाठण्याआधीच ते वारले. १८७३ साली आसामी पुन्हा शाळा-कचेऱ्यांत आली. ते पाहायला ते राहिले नव्हते.

आनंद फार टिकला नाही. १८७४ साली आसामचा वेगळा प्रांत झाला, तेव्हा त्याला सिल्हेट हा दाट वस्तीचा बंगालीभाषक जिल्हा जोडण्यात आला. झाले! आसामी माणूस आपल्याच प्रांतात अल्पसंख्य ठरला. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून मैमनसिंग आणि आसपासच्या जिल्ह्यांतले भूमिहीन मुसलमान शेतकरी ब्रह्मपुत्रेच्या काठच्या पडीक जमिनी कसायला येऊ लागले. सरकारला महसूल हवा होता, ताग हवा होता. त्यांना येऊ दिले गेले, नव्हे, उत्तेजनच दिले गेले. वस्ती वाढल्यावर १९२० साली ‘लाइन पद्धत’ आली. या रेषेच्या अलीकडे जुने रहिवासी, पलीकडे नवे. १९३१च्या जनगणना अहवालात तर मुल्लन या इंग्रज अधिकाऱ्याने या स्थलांतराला आक्रमणाची उपमा दिली. ज्या सरकारने माणसे आणली, त्याच सरकारच्या अधिकाऱ्याने भीतीही पेरली.

ही भीती उगाच म्हणावी का? मला तसे वाटत नाही. शेजारच्या त्रिपुराकडे पाहावे. विसाव्या शतकाच्या आरंभी तिथे आदिवासी निम्म्याहून अधिक होते. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून निर्वासितांचे लोंढे आले आणि २०११च्या जनगणनेत आदिवासी एक तृतीयांशाहूनही कमी उरले. आसामी माणूस हे उदाहरण कधी विसरत नाही. त्यातून आसामी बोलणारे सारे मिळून दीड कोटींच्या आसपास आणि शेजारी बंगालीसारखी काही कोटींची, मोठ्या साहित्याची भाषा. लहान भावाला मोठ्या भावाची जी धास्ती असते, तीच ही.

पण इतिहासाला दुसरीही बाजू आहे आणि ती आपल्याकडे क्वचितच सांगितली जाते. आसामी भाषा वाढली ती मुख्यतः बाहेरून आलेल्यांनी ती आपली मानली म्हणून! १२२८ साली सुकाफा हा राजपुत्र पाटकाई डोंगर ओलांडून या खोऱ्यात उतरला. त्याची माणसे ताई कुळातली भाषा बोलत. त्यांच्या वंशाने जवळजवळ सहाशे वर्षे राज्य केले आणि त्या काळात राज्यकर्त्यांनीच रयतेची भाषा उचलली. त्यांचा इतिहास सांगणाऱ्या ‘बुरंजी’ आधी आहोम भाषेत आणि मग आसामीत लिहिल्या गेल्या. या बुरंजी म्हणजे आपल्या बखरींच्या चुलत बहिणीच. १६७१ साली सराईघाटला मोगलांना रोखणारा लाचित बडफुकन याच आहोम राज्याचा सेनापती. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत सर्वोत्तम कॅडेटला त्याच्या नावाचे सुवर्णपदक देतात. ज्या वीराला आसाम आपला मानबिंदू मानतो, त्याचे पूर्वजही कधीकाळी डोंगरापलीकडूनच आले होते.

दुसरे उदाहरण अलीकडचे. १९३५ साली ‘जयमती’ हा पहिला आसामी बोलपट काढणारे ज्योतिप्रसाद अग्रवाला यांचे पूर्वज राजस्थानातून व्यापारासाठी आलेले मारवाडी. दोन-तीन पिढ्यांत हे घर इतके आसामी झाले की आधुनिक आसामी संस्कृतीचा इतिहास त्यांना वगळून लिहिताच येत नाही.

तिसरे उदाहरण त्याच मैमनसिंगकडून आलेल्या शेतकऱ्यांचे. स्वातंत्र्यानंतरच्या जनगणनेत त्यांच्यातल्या बहुतेकांनी आपली मातृभाषा ‘आसामी’ अशी लिहवली. मुले आसामी शाळेत घातली. लोक त्यांना ‘न-असमिया’, म्हणजे नवे आसामी, म्हणू लागले. १९३१ साली आसामी भाषकांचे प्रमाण एकतीस टक्क्यांच्या आसपास होते, ते १९५१ साली छप्पन्नच्या वर गेले. सिल्हेटचा बहुतेक भाग फाळणीत पाकिस्तानात गेल्यामुळे हा फरक पडला, तसाच या शेतकऱ्यांच्या निर्णयामुळेही पडला.

आणि भाषा आक्रसली केव्हा? जेव्हा सक्ती झाली तेव्हा. १९६० साली आसामी ही राज्यभाषा करणारा कायदा झाला. बराक खोऱ्यातल्या बंगाली भाषकांनी त्याविरुद्ध आंदोलन केले आणि १९ मे १९६१ रोजी सिल्चर स्थानकावरच्या गोळीबारात अकरा जणांनी प्राण गमावले. त्या खोऱ्यापुरती बंगाली मान्य करावी लागली. खासी आणि गारो डोंगरांतल्या लोकांनी वेगळ्या राज्याचा धोशा लावला, १९७२ साली मेघालय झाले. बोडोंनीही आपल्या शाळा, आपले साहित्य वेगळे उभारले. २००३च्या घटनादुरुस्तीने त्यांची भाषा आठव्या अनुसूचीत गेली. हे सगळे आसामीशी भांडले ते तिच्या द्वेषाने नव्हे. जी भाषा आपल्याहून मोठ्या भाषेच्या सक्तीने घायाळ झाली होती, तिनेच आपल्याहून लहान भाषांवर तोच प्रयोग केला, हे त्यांना सहन झाले नाही.

१९७९ साली मंगलदै मतदारसंघाच्या मतदार याद्यांवरून पेटलेले विद्यार्थ्यांचे आंदोलन आपण वर्तमानपत्रांतून वाचले. १८ फेब्रुवारी १९८३ची नेल्लीची कत्तलही वाचली. सरकारी आकड्यानुसार अठराशेहून अधिक माणसे त्या एका दिवसात मारली गेली. त्यांत बहुतेक पूर्व बंगाली वंशाचे मुसलमान होते, बायका-मुले फार होती. १५ ऑगस्ट १९८५ रोजी आसाम करार झाला. २४ मार्च १९७१ नंतर आलेले परकीय, असे ठरले आणि आसामी लोकांची भाषा-संस्कृती जपण्यासाठी घटनात्मक संरक्षणाचे वचनही सहाव्या कलमात दिले गेले.

पुढचा हिशेब वाचकांना ठाऊक आहे. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी नागरिकांची अंतिम यादी लागली, तीतून १९ लाखांहून अधिक माणसे वगळली गेली. हिंदू, मुसलमान, सगळेच त्यांत होते. एकाच घरातले काहीजण आत आणि काहीजण बाहेर, असेही झाले. त्याच डिसेंबरात नागरिकत्वाचा नवा कायदा आला तेव्हा आसाम पुन्हा रस्त्यावर उतरला. देशात इतरत्र धर्मभेद हा आक्षेपाचा मुद्दा होता. आलेला हिंदू असो की मुसलमान, १९७१ नंतरचा भार आम्हाला नको, हे आसामचे म्हणणे होते. दिल्लीला ते नीट उमगलेच नाही.

एवढे होऊन भाषेचे काय झाले? १९९१च्या जनगणनेत राज्यात आसामी मातृभाषा सांगणारे ५७.८१ टक्के होते, २०११ साली ते ४८.३८ टक्क्यांवर आले. यातला वाटा स्थलांतराचा किती, जन्मदराचा किती आणि पूर्वी ‘आसामी’ लिहवणाऱ्यांनी हात आखडता घेतल्याचा किती, यावर वाद आहेत. पण ज्याला वर्षानुवर्षे ‘तू आमचा नाहीस’ म्हणून ऐकवले, त्याने आपली भाषा ‘आसामी’ म्हणून का लिहवावी, हा प्रश्न त्या आकड्यांमागे उभा आहेच.

माझे म्हणणे इतकेच की, सीमा राखावी, करार पाळावा, नदीकाठच्या जमिनींचा निवाडा न्यायाने व्हावा. ते सरकारचे काम आहे आणि आसामी माणसाचा तो हक्क आहे. परंतु सीमेवरचे कुंपण माणसे अडवते, भाषा वाढवत नाही. भाषा वाढते ती अंगणात, जिथे शेजाऱ्याचे पोर खेळायला येते आणि बोलता बोलता आपले होऊन जाते. मुंबई-पुण्यात मराठीची काळजी वाहणाऱ्या आपणही हे ध्यानात ठेवावे. पुढच्या खानेसुमारीत ब्रह्मपुत्रेच्या चराच्या बेटावर, मैमनसिंगकडून आलेल्या एखाद्या घरात गणक विचारील, ‘मातृभाषा कोणती?’ त्या घरातून उत्तर काय येते, यावर आसामीचे पुढचे पन्नास वर्षांचे भविष्य बरेचसे ठरणार आहे. आणि ते उत्तर शेजारच्या आसामी घराने आजवर त्यांना कसे वागवले, त्यावर.