पाचवीची वेस

पेडण्यात किंवा डिचोलीत कुणी 'आमची मिडल स्कूल' म्हटलं, की पाचवी ते सातवीचे तीन वर्ग डोळ्यांपुढे येतात. अशा शाळांतली सरस कोणती, हे पालक पट पाहून ठरवतात. मला तो मापदंड फसवा वाटतो. पट का भरला आणि का ओसरला, हे कळायला साठेक वर्षं मागं जावं लागतं.

गोव्यातले हे दोन्ही तालुके नव्या काबिजादीतले, म्हणजे पोर्तुगिजांनी उशिरा जिंकलेल्या मुलखातले. पणजीचं लिसेव, म्हणजे पोर्तुगीज माध्यमिक शाळा, इथल्या कुळाच्या मुलाला परदेशासारखंच होतं. अक्षरओळख व्हायची ती देवळात किंवा कुणाच्या ओसरीवर, खासगी मराठी मास्तरांकडे. १९६१ साली गोवा मुक्त झाला, १९६३च्या अखेरीस भाऊसाहेब बांदोडकरांचं सरकार आलं आणि गावोगाव मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. त्यांतून चौथी पास झालेली पोरं बाहेर पडली, तेव्हा पुढे कुठं हा प्रश्न उभा राहिला. हायस्कुलं मोठ्या गावांत. चोपड्याहून शिवोलीला जायचं तर फेरीबोटीनं शापोरा नदी ओलांडायची. अशा काळात जवळची मिडल स्कूल म्हणजे, विशेषतः मुलींसाठी, शिकणं आणि घरी बसणं यांतलं अंतर होतं.

मग पूल झाले, बसगाड्या आल्या, अनुदानित हायस्कुलांचे बालरथ, म्हणजे शाळेच्या बस, वाड्यापर्यंत येऊ लागले. ही हायस्कुलं पाचवी ते दहावी चालवतात. सातवीनंतर पुन्हा दाखला काढून नवी शाळा शोधायची, त्यापेक्षा पाचवीलाच तिथं घातलेलं बरं, हा पालकांचा हिशेब काही चुकीचा नाही. सरकारी मिडल स्कूल ओस पडली ती अशी. शिक्षक वाईट होते म्हणून नव्हे. त्यात २०१० पासून लागू झालेला शिक्षण हक्क कायदा उच्च प्राथमिक म्हणजे सहावी ते आठवी मानतो. आपले पाचवी-सातवीचे वर्ग त्या साच्यातही नीट बसत नाहीत.

दोन्ही तालुक्यांची वाट मात्र एक नव्हे. डिचोलीच्या खाणपट्ट्यात ट्रक असलेल्या घरात रोकड खेळत असे. २०१२ साली खाणी थांबल्या आणि ट्रकचे हप्ते तेवढे उरले. पेडण्यात मांद्रे-हरमलच्या किनाऱ्यावर पर्यटन, वर मोपाच्या पठारावर २०२२पासून विमानतळ. या दोन तालुक्यांतल्या शाळांची तुलना एका तक्त्यात करणं म्हणजे भरती आणि डोंगर एकाच फूटपट्टीनं मोजणं.

खरी कसोटी भाषेची आहे. चौथीपर्यंत मराठी माध्यम, पाचवीपासून इंग्रजी. १९९०च्या सुमारास शशिकला काकोडकर शिक्षणमंत्री असताना प्राथमिकच्या अनुदानाला मातृभाषेची अट आली. २०११ साली दिगंबर कामत सरकारनं इंग्रजीलाही अनुदान दिलं. त्यावरून रस्त्यावर उतरलेली मंडळी चौथीपर्यंतच्या माध्यमावरच भांडली. पाचवीच्या वेशीवर अडखळणाऱ्या पोराची बाजू कुणी फारशी घेतली नाही.

शाळा सुरू होऊन आठवडा झाला की पाचवीच्या वर्गाबाहेर उभं राहावं. पुस्तकात 'फ्रॅक्शन', शिक्षिकेच्या तोंडी 'अपूर्णांक', आणि मागच्या बाकावरून दबका आवाज : ''टीचर, म्हणजे कितें?''